महिला आरक्षण: जनगणनेची अट कशी आली?

लोकसभा आणि विधानसभांमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा देणारी 106वी घटनादुरुस्ती सप्टेंबर 2023 मध्ये मंजूर झाली. लोकसभेत 454 विरुद्ध 2, राज्यसभेत 214 विरुद्ध शून्य. तरीही पुढची लोकसभा निवडणूक या आरक्षणाविनाच झाली आणि 543 जागांवर 74 महिला निवडून आल्या. 2019 मध्ये हाच आकडा 78 होता.

संविधान सभेत 15 महिला होत्या. समान मताधिकार मिळाल्यावर राखीव जागांची गरज नाही, असाच तेव्हा त्यांचा सूर होता. 1974 च्या महिलांच्या स्थितीविषयीच्या सरकारी समितीच्या अहवालातही बहुमत विधिमंडळातल्या आरक्षणाविरुद्ध गेलं. काहींनी भिन्नमत नोंदवलं. वारं फिरलं ते गावपातळीवर. 1989 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये शेतकरी चळवळीतल्या बायकांचं पॅनेल ग्रामपंचायतीवर निवडून आलं. 1993 मध्ये 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती लागू होऊन स्थानिक संस्थांत एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या 50 टक्क्यांवर नेल्या.

संसदेसाठीचं विधेयक 1996 मध्ये पहिल्यांदा आलं आणि ओबीसी महिलांच्या वेगळ्या वाट्यावरून पुनःपुन्हा अडलं. 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेने ते मंजूर केलं, पण लोकसभेत मतदानाला आलंच नाही. 2014 मध्ये लोकसभा विसर्जित झाली, तसं ते रद्दबातल ठरलं. ओबीसींचा मुद्दा 2023 मध्येही सुटला नाही. एक तृतीयांश वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांमध्ये आहे, ओबीसींसाठी वेगळा नाही.

खरा वाद मात्र कलम 334अ चा आहे. कायदा अमलात आल्यानंतरची पहिली जनगणना, तिचे आकडे, मग मतदारसंघांची पुनर्रचना (लोकसंख्येनुसार जागा आणि हद्दी नव्याने ठरवणं) आणि त्यानंतर आरक्षण, असा क्रम त्यात घातला आहे. कोणत्या जागा राखीव ठेवायच्या हे सरकारने ठरवलं तर पक्षपाताचा आरोप होईल, म्हणून ते काम स्वतंत्र आयोगाकडे हवं, असं समर्थन झालं. यात तथ्य आहे. पण आयोग नेमायला नव्या जनगणनेची वाट पाहावी लागत नाही. 2010 च्या मसुद्यात ही अट नव्हती, आणि पंचायतींमध्ये तर उपलब्ध जनगणनेच्या आधारे सोडत काढून, चक्रानुक्रमे जागा बदलत हेच काम तीन दशकं चाललं आहे.

शिवाय पुनर्रचना हा स्वतंत्र, जुना तंटा आहे. राज्यनिहाय लोकसभा जागा 1971 च्या लोकसंख्येवर गोठवलेल्या आहेत. 2001 मधल्या 84व्या घटनादुरुस्तीने ही मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांना आपलं वजन घटण्याची भीती आहे. महिलांचा हक्क या भांडणात गुंतवण्याचं काही कारण नव्हतं. जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 जाहीर झाली आहे. राज्यसभा आणि विधान परिषदा तर या तरतुदीच्या बाहेरच आहेत.