गाडीची वाढीव वॉरंटी : पात्रता, कागदपत्रे आणि दावा

शोरूममधून मिळणाऱ्या कोटेशनमध्ये आरटीओ आणि विम्याच्या रकमेखाली 'एक्स्टेंडेड वॉरंटी' अशी एक ओळ असते व ती बहुधा न विचारताच धरलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे; वाढीव वॉरंटी मात्र पूर्णपणे ऐच्छिक असून ती काढून टाकण्यास सांगता येते. ती कर्जात धरली गेल्यास तिच्या रकमेवरही व्याज भरावे लागते, हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

पात्रतेची मुख्य अट अशी की, कंपनीची मूळ वॉरंटी संपण्यापूर्वीच ही वाढीव मुदत सहसा घ्यावी लागते. मूळ वॉरंटीला वर्षे आणि किलोमीटर अशा दोन मर्यादा असतात आणि जी आधी पूर्ण होईल ती लागू होते. ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर अशी मुदत असलेली गाडी रोज दीडशे किलोमीटर धावत असेल, तर तिची वॉरंटी दोन वर्षांच्या आतच संपते. ट्रॅक्टरच्या बाबतीत किलोमीटरऐवजी मीटरवरचे तास मोजले जातात. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांसाठी अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून वापराचा प्रकार खरा सांगावा.

अर्जासोबत खरेदीचे बिल, आरसी, ओळखपत्र आणि सर्व्हिस बुक लागते. प्रमाणपत्र हाती आल्यावर त्यावरील चेसिस क्रमांकाची सतराही अक्षरे व आकडे आरसीशी ताडून पाहावेत. एक आकडा चुकला तरी दाव्याच्या वेळी फेऱ्या वाढतात.

आपल्याकडे दावे अडतात ते प्रामुख्याने सर्व्हिसच्या नोंदींवर. अधिकृत सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी आणि पेरणीची धांदल सुरू, त्यामुळे फाट्यावरच्या गॅरेजातच ऑइल बदलून घेतले जाते. काम चोख झालेले असले तरी सर्व्हिस बुकात शिक्का नसतो, आणि कंपनी शिक्काच पाहते. सर्व्हिसलाही महिने व किलोमीटर अशा दोन्ही मर्यादा असल्याने कमी चाललेली गाडीदेखील ठरलेल्या महिन्यात न्यावीच लागते.

ही वॉरंटी कारखान्यातील दोष आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाडासाठी असते. क्लच प्लेट, ब्रेक शू, टायर, बल्ब यांची झीज तिच्यात सहसा येत नाही. भेसळीच्या इंधनाने झालेले नुकसानही वगळलेले असते. किराणा दुकानातल्या बाटलीतले पेट्रोल घेताना हे लक्षात असावे. माझी स्वतःची मोटारसायकल पावसाळ्यात कोठ्यात, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी होती आणि उंदरांनी तिची वायरिंग कुरतडली. वॉरंटीचे वर्ष शिल्लक असूनही खर्च मलाच करावा लागला, आणि अटी वाचल्यावर तो निर्णय बरोबरच होता असे दिसले.

बिघाड झाल्यास गाडी बाहेर न उघडता अधिकृत सेंटरला न्यावी, जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी व त्याची प्रत मागावी. दावा नाकारला गेल्यास कारण लेखी घ्यावे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तेवढ्याने भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, अर्ज करता येतो. कंपनीचे कार्यालय पुण्यात किंवा चेन्नईत असले तरी तिकडे जावे लागत नाही. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील लावणे सक्तीचे नाही. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून गाडी चालवणाराही या कायद्यात ग्राहकच आहे.

जुनी गाडी विकत घेताना आरसी नावावर झाली म्हणून वॉरंटीही आपोआप नावावर झाली असे समजू नये. ती हस्तांतरित होते का, हे प्रमाणपत्रावरील अटींत पाहावे आणि होत असल्यास नवीन आरसीची प्रत देऊन तशी नोंद सर्व्हिस सेंटरमधून करून घ्यावी.