मराठी रॅपच्या आधीचा वाळवा तालुका

मराठी रॅपचा विषय निघाला की गोष्ट न्यूयॉर्कपासून सुरू होते. ते बरोबरच आहे. ११ ऑगस्ट १९७३ला ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने वाजवलेली पार्टी हा हिप-हॉपचा आरंभ मानतात, आणि १९८२च्या ‘द मेसेज’ या गाण्याने वस्तीतलं जगणं रॅपमध्ये ठसठशीतपणे आणलं. पण सांगली-साताऱ्याकडचं पोरगं बीट लावून जातीवर, बेकारीवर, ऊसदरावर बोलतं, तेव्हा त्याच्यामागे घरचीही एक परंपरा असते. ती समजायची तर अण्णाभाऊ साठे यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

१ ऑगस्ट १९२०ला वाटेगावात त्यांचा जन्म झाला. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. मांग समाजाला इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्यात अडकवलेलं. शाळा दीड दिवसाची. घरच्या माणसांबरोबर ते पायी मुंबईला गेले, गिरणीत राबले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट चळवळीत आले. तिथल्या सुरुवातीच्या रचनांपैकी एक होती डासांवर. ज्या वस्तीत रात्रभर झोप लागत नाही, तिथल्या माणसाला आपला शाहीर ओळखायला एवढं पुरेसं होतं.

१९४३चा ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ गाजला. १९४४मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. पुढे बंगालचा दुष्काळ, अमळनेरचे हुतात्मे, तेलंगणाचा लढा असे विषय पोवाड्यांत आले, तर ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही लोकनाट्यं झाली. तमाशाच्या सुरुवातीच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आलं. मुंबई सरकारने कलापथकाच्या तमाशांवर बंदी घातली, ती काही करमणुकीच्या भीतीने नव्हे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘मुंबईची लावणी’. तिच्याआधी पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली होती, शहराचं वैभव डोळे भरून पाहणारी. बापूराव रेठरे हरणाक्षचे, म्हणजे वाळवा तालुक्यातलेच. कुलकर्ण्याच्या घरातला हा माणूस जात ओलांडून तमाशात गेला, हे त्या काळात लहान धाडस नव्हतं. अण्णाभाऊंनी लावणीचा तोच साज घेतला आणि मुंबईचे दोन भाग केले. वर मलबार हिल, खाली राबणाऱ्यांचं परळ. एकाच तालुक्यातून आलेल्या दोन शाहिरांच्या या दोन मुंबया शेजारी ठेवून वाचाव्यात. आधीच्या कलावंताला त्याच्याच चालीत, भर मैफलीत उत्तर देणं रॅपरांना नवं वाटू नये, आणि तमाशातल्या सवाल-जवाबाला तर ते कधीच नवं नव्हतं.

अण्णाभाऊंच्या ध्वनिमुद्रिकांची यादी मागाल तर ती अपुरी पडेल. त्यांची गाणी मैदानात, गिरणीच्या दारात, डफाच्या आणि तुणतुण्याच्या साथीने लोकांपर्यंत पोचली. कागदावर उरली आणि दुसऱ्यांच्या गळ्यातून पुढे गेली. ‘माझी मैना’ आधी अमर शेखांच्या, नंतर विठ्ठल उमपांच्या आवाजात महाराष्ट्राने ऐकली. १९५९च्या ‘फकिरा’ने अण्णाभाऊंना कादंबरीकार म्हणून मान मिळाला, १९६१मध्ये त्यांनी रशिया पाहिला, आणि १८ जुलै १९६९ला गोरेगावात ते गेले तेव्हा हाल संपलेले नव्हते.

‘माझी मैना’ची बांधणी मात्र नीट पाहण्यासारखी आहे. ही छक्कड आहे, म्हणजे लावणीचाच एक प्रकार. सुरुवातीला पोटासाठी मुंबईला गेलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकुळ होतो. वाटेगावासारख्या गावांतल्या किती घरांत हे खरं होतं! मग हलकेच मैना म्हणजे तुटलेला मुलूख होतो आणि विरहाची छक्कड संयुक्त महाराष्ट्राची मागणी बनते. १ मे १९६०ला मुंबईसह राज्य झालं. बेळगाव आणि कारवार मात्र आले नाहीत. मिरजेपासून काही कोसांवर ती हद्द आहे, आणि सीमाभागाच्या सभांत ही छक्कड अजून म्हटली जाते.