देवाचं आधी: विदर्भातल्या खेड्यांतल्या ख्रिस्ती घरांमागचा इतिहास

बारावीचं वर्ष आलं की आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत एक वाद हमखास होतो. नीटचा किंवा जेईईचा क्लास रविवारी सकाळी सराव परीक्षा ठेवतो, आणि त्याच वेळी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना असते. मुलगा म्हणतो, एवढं एक वर्ष जाऊ द्या. आई गप्प बसते. आजी मात्र ठामपणे सांगते, "देवाचं आधी, मंग बाकीचं." यवतमाळ, वाशीम, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत हे वाक्य तुम्ही कुठल्याही मिशन कंपाउंडमध्ये, म्हणजे मिशनच्या आवारातल्या ख्रिस्ती वस्तीत, ऐकाल. मुलांना तो म्हातारपणाचा हट्ट वाटतो. पण या घरांवर काय काय गुदरलं हे ठाऊक असेल, तर आजीच्या बोलण्यात चार-पाच पिढ्यांनी मोजलेली किंमत ऐकू येते. ती किंमत काय होती, हे लिहून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

विदर्भातल्या संघटित मिशनकार्याची सुरुवात साधारणपणे स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून धरतात. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ मध्ये नागपूर-कामठीला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी नागपुरात शाळा काढली. नागपूर तेव्हा भोसल्यांचं होतं, वऱ्हाड निजामाचा. हिस्लॉप यांचं नाव जगात पसरलं ते भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून. नागपूर परिसरातले जीवाश्म त्यांनी गोळा केले आणि एका खनिजालाही त्यांचं नाव मिळालं. गोंडांच्या भाषेचा आणि गीतांचा त्यांनी केलेला संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यांचा दिवस मात्र शाळा, उपदेश आणि गावोगावचा फिरस्ता यांतच जाई. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज पुढे १८८३ मध्ये उभं राहिलं.

मिशनरी बाहेरून आला होता. त्याच्यामागे त्याची संस्था होती, पगार होता. खरी झळ बसली ती इथल्या माणसाला. त्या काळी बाप्तिस्मा घेणं म्हणजे पंगत, सोयरीक, विहीर आणि वडिलोपार्जित वाटा या सगळ्यावर एका दिवसात पाणी सोडणं. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा कंपनी सरकारने १८५० मध्ये केला खरा, पण भोसल्यांच्या आणि निजामाच्या मुलखात तेव्हा तो लागू नव्हता. आणि लागू झाल्यावरही, ज्या भावकीने तुम्हाला मेलेला मानून अंघोळ केली तिच्याकडे शेताचा वाटा मागायला जायचं कोणत्या तोंडाने? गावकामावर जगणाऱ्या दलित कुटुंबांचं नुकसान वेगळ्या तऱ्हेचं होतं. बलुतं हे गावाच्या देवदेवतांच्या कामाशी, जत्रेशी, मेलेली जनावरं ओढण्याशी बांधलेलं. त्यातलं एक काम नाकारलं की खळ्यावरची रास बंद. अशी घरं कागदोपत्री फारशी सापडत नाहीत. मंडळीच्या जुन्या रजिस्टरात नुसतं नाव आणि बाप्तिस्म्याची तारीख असते, काय गेलं त्याचा रकाना नसतो.

वरच्या जातीतून आलेल्यांपैकी ज्यांची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे ते नारायण वामन टिळक, आणि त्यांच्या आयुष्याचं वळण विदर्भातच आहे. कोकणात करजगावला १८६१ मध्ये जन्मलेला हा शीघ्रकवी नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने जुन्या संस्कृत ग्रंथांचं काम करत होता. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका मिशनऱ्याची गाठ पडली आणि त्याने बायबल हातात दिलं. वाचता वाचता माणूस गुंतला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पंडित म्हणून मिळणारा मान, जात, नातीगोती, सगळं सुटलं. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि नंतर स्वतःच्या विचाराने त्याच वाटेला आल्या. मला याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. ख्रिस्ती समाजात कवी म्हणून नाव झालं, संपादकपद मिळालं, मिशनचा पगार होता, आणि १९१७ मध्ये टिळकांनी त्यावरही पाणी सोडलं. साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळावा मांडून बसले आणि दोन वर्षांत वारले. पहिल्यांदा समाजाने हिरावून घेतलं होतं, दुसऱ्यांदा त्यांनी आपणहून दिलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. वऱ्हाडातल्या खेड्यात पेटी-तबल्यावर त्यांची भजनं अजून म्हणतात, आणि गावातले वारकरी ओट्यावर बसून ती ऐकतात.

सगळ्यांचा प्रवास असा पुस्तकातून झाला नाही. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा, यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाड उजाड केला. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि सुमारे तीनशे मुलींना आपल्यासोबत घेऊन गेल्या. वऱ्हाडात अलायन्स मिशनने अकोल्याला मुलांसाठी आणि खामगावला मुलींसाठी अनाथाश्रम चालवले. आज या पट्ट्यातली कितीतरी आडनावं मागे शोधत गेलं तर कुठल्यातरी अनाथाश्रमाच्या दाराशी थांबतात. "पोटासाठी बाटले" हा टोमणा आमच्या लोकांनी शंभर वर्षं ऐकला. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. भुकेलं पोर धर्म बघून दार ठोठावत नाही. पण ज्याला भाकरी देऊन जगवलं तो पोट भरल्यावर का राहिला, हेही विचारायला हवं. त्याचं उत्तर पुढच्या पन्नास वर्षांत मिळतं.

अनाथाश्रमाच्या आणि मिशन शाळांच्या पोटी एक नवाच वर्ग तयार झाला. मास्तर, परिचारिका, कंपाउंडर, घरोघरी बायबल वाचून दाखवणारी बायबल बाई, सुतार. ज्या घरात आजोबांना अक्षर ओळखता येत नव्हतं, त्या घरातली मुलगी पांढरा गणवेश घालून दवाखान्यात उभी राहिली. गावाने तिला "सिस्टर" म्हटलं. इथेच पेच पडला. सर्वस्व सोडायला सांगणारा विश्वास आता प्रतिष्ठा देऊ लागला, आणि दोन पिढ्यांत मंडळीतही माणूस हुद्द्यावरून मोजला जाऊ लागला. लग्न जुळवताना पहिला प्रश्न नोकरीचा. बायबलमधला प्रेषित पौल फिलिप्पैच्या पत्रात लिहितो की जे जे आपल्या लाभाचं होतं ते ख्रिस्तासाठी आपण तोट्याच्या खात्यात टाकलं. हा उतारा आजीच्या पिढीने जगून पाहिला होता. तिच्या मुलांनी तो पाठ केला. नातवंडांना तो संडे स्कूलच्या स्पर्धेत बक्षीस मिळवून देतो.

याच काळात वर्ध्यात एक ख्रिस्ती माणूस राहत होता, ज्याच्याबद्दल आमच्या मंडळ्यांत फारच कमी बोललं जातं. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. तंजावरच्या ख्रिस्ती घरात १८९२ मध्ये जन्म, लंडनमध्ये हिशेबनिसाचं शिक्षण, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, मुंबईत स्वतःची फर्म. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि या माणसाने ते सगळं आवरतं घेतलं. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा ते त्याचे चिटणीस झाले आणि वर्ध्याच्या मगनवाडीत राहायला आले. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या, गूळ. ज्याने मोठ्या कंपन्यांची खाती तपासली तो आता सरकीच्या आणि जवसाच्या घाणीत तेल किती सुटतं याचा हिशेब मांडत होता. पुढे तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर आणि एक येशूच्या शिकवणीवर. दोन्हींमागचा विचार एकच आहे: माणसाची किंमत त्याच्या खर्चाच्या ऐपतीवर लावू नका. नंतर काही काळ ते वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोह गावी राहिले आणि १९६० मध्ये वारले. मगनवाडीपासून तासाभराच्या अंतरावरच्या कितीतरी मंडळ्यांमध्ये हे नाव प्रवचनात कधीच निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतर या विश्वासाला पुन्हा रोकड किंमत लागली. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदू धर्मीयांपुरती ठेवली. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. एकाच वस्तीतले दोन चुलतभाऊ घ्या. एकाच्या घरात जातीचा दाखला आहे, दुसऱ्याच्या घरात बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा, हे सगळं त्या एका कागदावर फिरतं. सोयीसाठी कागदावर एक आणि रविवारी दुसरं, असं जगणारेही आहेत, त्यांना दगड मारायचा अधिकार मला नाही. पण ज्यांनी उघडपणे "ख्रिस्ती" लिहिलं आणि जागा सोडली, त्यांनी नेमकं काय सोडलं हे तालुक्याच्या कचेरीत रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढावी असं सुचवलं. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला.

१९५०च्याच दशकात दुसरा धक्का बसला. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला. देशभर परदेशी मिशनऱ्यांवरची बंधनं वाढत गेली. हळूहळू परदेशी माणसं आणि पैसा दोन्ही आटले. वाशीमच्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलची उभारणी करणाऱ्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ मध्ये आल्या होत्या आणि जवळपास चार दशकं तिथेच राबल्या, अशी उदाहरणं नंतर विरळ झाली. पाळक घडवणारी यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली. पाळकाचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूचा, पगार आता लोकांनी कमाईच्या दहाव्या हिश्शातून दिलेल्या दशांशातून, म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि रोजमजुराच्या खिशातून यायला लागला. पोटासाठी आलेले असते तर या वेळी पांगले असते. बहुतेक मंडळ्या टिकल्या.

टिकल्या कशा, ते कापणीच्या सणाला पाहावं. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या वेळी गावात सीतादही, म्हणजे शेतातली पूजा, होते. ख्रिस्ती घरातली बाई त्याच पहिल्या वेच्यातला बोचकाभर कापूस वेदीपाशी आणून ठेवते. शेजारी तूर, ज्वारीची कणसं, दुधीभोपळा, कोंबडी, कुणाची अंडी. उपासना संपली की अंगणात लिलाव होतो. शंभराचा भोपळा पाचशेला जातो, घेणारा तोच पुन्हा दान करतो, आणि भोपळा तिसऱ्यांदा बोलीवर चढतो. बोली लावणाऱ्यांत कर्जाचा हप्ता थकलेलेही असतात. बोंडअळीने पीक गेलेल्या वर्षीही ही बोली मी ऐकलेली आहे, आवाज थोडा उतरलेला, पण थांबलेला नाही.

रविवारच्या क्लासवर मंडळ्या आपापल्या परीने वाट काढत आहेत. कुठे उपासना सकाळी सातला घेतात, कुठे मुलांसाठी शनिवारी संध्याकाळी वेगळी प्रार्थना ठेवतात. काही पालकांनी क्लासवाल्यांशी बोलून परीक्षेची वेळ दुपारी करून घेतली. दोन-तीन घरांनी मुलांना त्या सराव परीक्षांना पाठवलंच नाही. त्यातल्या एका मुलीला या वर्षी नर्सिंगला प्रवेश मिळाला, एका मुलाला मेडिकलला मिळाला नाही. त्या मुलाच्या आईने रविवारी मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली आणि उपकारस्तुतीचं गीत स्वतःच सुरू केलं.