वीसदा उघडायची झडप: बिअरच्या केगमधला जास्तीचा वायू

तोटी उघडली की ग्लासात फेसच फेस. तळाशी बोटभर बिअर, वर सगळा पांढरा ढग. दुसरा ग्लास धरला तरी तेच. घरी बिअर करून ती केगमध्ये भरणाऱ्यांवर ही वेळ कधी ना कधी येतेच. अमेरिकेत या छंदाची मुळं खोल गेली आहेत. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरापुरती बिअर करायला तिथे मोकळीक मिळाली. पुढे शीतपेयांचा पाक पिशव्यांमधून येऊ लागला आणि तो ज्यात येत असे ते १९ लिटरचे स्टीलचे उंच डबे स्वस्तात मिळू लागले. घरगुती बिअरवाल्यांचा केग म्हणजे बहुधा हाच डबा.

बिअरमध्ये वायू भरायची सरळ रीत अशी: केग फ्रिजमध्ये ३ अंश सेल्सिअसला ठेवायचा, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा दाब १२ पौंडांवर (म्हणजे दर चौरस इंचाला १२ पौंड) लावायचा आणि आठ-दहा दिवस त्याच्याकडे बघायचंही नाही. या वेळात प्रत्येक लिटर बिअरमध्ये साधारण अडीच लिटर वायू विरघळतो. शनिवारी पाहुणे येणार असले की मात्र धीर सुटतो. मग दाब ३० पौंडांवर नेऊन केग गदागदा हलवला जातो आणि दाब परत खाली आणायचं राहून जातं. अशाने लिटरमागे वायू चार लिटरवर जातो. जर्मनीची गव्हाची बिअर एवढ्या वायूलाही शोभते. एल या साध्या बिअरचा मात्र त्याने विचका होतो.

असं झालं की लोक सिलिंडर बंद करतात, झाकणावरची सुरक्षा-झडप ओढतात, फुस्स आवाज ऐकतात आणि काम झालं असं समजतात. दहा मिनिटांनी तोटीतून पुन्हा फेस. याचं कारण समजायला थोडं गणित मांडावं लागेल, आणि ते मांडण्यासारखं आहे.

मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये नियम सांगितला: द्रवावर वायूचा जेवढा दाब, त्या प्रमाणात वायू द्रवात विरघळतो. लिटरमागे चार लिटर वायू धरून ठेवलेली थंड बिअर वरच्या मोकळ्या जागेत सुमारे २७ पौंडांचा दाब राखते. भरलेल्या केगमध्ये ही मोकळी जागा असते जेमतेम एक लिटर. झडप उघडली की तिथला जादा दाब निघून जातो, म्हणजे बाहेर पडतो दोन लिटरांहूनही कमी वायू. आपल्याला काढायचा आहे लिटरमागे दीड लिटर, म्हणजे १९ लिटरांतून साडेअठ्ठावीस! वायू मोकळ्या जागेत नाहीच, तो बिअरमध्ये आहे. झडप बंद केल्यावर तो हळूहळू वर येतो आणि दाब जवळपास पूर्वीइतका होतो. एका फुस्समागे लिटरभर बिअरमधला वायू चारवरून ३.९ वर येतो, एवढंच. दाब उतरत जातो तसा प्रत्येक खेपेला निघणारा वायूही कमी होतो. हिशेब केला तर झडप वीसेक वेळा उघडावी लागते, आणि दर खेपेनंतर वायूला वर यायला वेळ द्यावा लागतो. अर्धा तास तरी थांबावं. मधे केग हलकेच हलवला तर काम लवकर होतं.

केग अर्धा रिकामा असेल तर चित्र पालटतं. वर दहा लिटर मोकळी जागा आणि खाली नऊ लिटर बिअर असेल, तर पहिल्याच फुस्सनंतर वायू चारवरून २.९ च्या आत येतो. दुसऱ्यांदा तीच झडप उघडली तर बिअर हवी त्यापेक्षा मिळमिळीत होईल. म्हणून किती वेळा उघडायची हे ठरवण्याआधी केग उचलून त्यात बिअर किती उरली आहे याचा अंदाज घ्यावा.

झडप उघडताना गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी झटक्यात दाबली की सोडा उसळून हातावर येतो. केगमध्येही तेच: दाब एकदम घालवला की बुडबुडे सगळीकडून उठतात आणि फेस झडपेतून बाहेर येतो. बिअरमधली प्रथिनं त्या झडपेत चिकटून वाळतात आणि ती नीट मिटेनाशी होते. तेव्हा झडपेची कडी थोडी थोडी उचलावी. (जाता जाता: आपल्या गोटी सोड्याचं मूळही बिअरच्या पिंपापाशीच सापडतं. जोसेफ प्रिस्टली लीड्समध्ये मद्यनिर्मितीच्या कारखान्याशेजारी राहत. तिथल्या पिंपांवर साचणारा वायू त्यांनी पाण्यात मिसळून पाहिला आणि १७७२ मध्ये त्याची कृती छापली.)

घाई असेल तर केग फ्रिजबाहेर काढून २० अंशांपर्यंत कोमट होऊ देतात. गरम बिअर वायू कमी धरते, त्यामुळे मोकळ्या जागेतला दाब दुपटीवर जातो आणि प्रत्येक फुस्समागे दुप्पट वायू निघतो. स्टीलच्या केगला तेवढा दाब सहज पेलतो. सिलिंडरची नळी बिअरच्या तोंडाला जोडून तळातून वायूचे बुडबुडे सोडायची युक्तीही चालते. मला ती पटत नाही. अशा घुसळणीत फेस उभा करणारी प्रथिनं खर्ची पडतात आणि बिअरला वास देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा सुवास वायूबरोबर निघून जातो. एवढ्या मेहनतीने आणलेला वास फ्रिजभर उधळायचा कशाला?

एक चूक मात्र हमखास होते. फेस दिसला की लोक रेग्युलेटरचा दाब दोन-तीन पौंडांवर आणतात. केगमधला दाब त्याहून जास्त असल्याने, उलट प्रवाह रोखणारी झडप नसेल आणि मोकळी जागा थोडी असेल, तर बिअर वायूच्या नळीतून उलटी चढून रेग्युलेटरमध्ये शिरते. शिवाय दाब कमी केल्याने नळीतच वायू सुटतो आणि फेस आणखी वाढतो. पाहुणे दारात असतील तर उपाय याच्या उलट आहे: दाब तसाच ठेवायचा आणि बिअरची नळी लांब लावायची. लांब, बारीक नळीत दाब हळूहळू उतरतो आणि बिअर शांतपणे ग्लासात येते.

काम झालं की नाही हे चव न घेताही कळतं. वायूची नळी काढून केग ३ अंशांवर रात्रभर ठेवा, थोडा हलवा आणि वायूच्या तोंडाला दाबमापक लावा. काटा १२ च्या आसपास दिसला की अडीचचं गणित जमलं. मग सिलिंडर १२ वरच जोडायचा.

आणि सिलिंडर काढून ठेवलेला असताना, तापमान तेच असताना काटा दिवसागणिक वर चढत राहिला, तर दोष रेग्युलेटरचा नाही. आत कुणीतरी अजून साखर खात आहे. सॅकरोमायसिस डायास्टॅटिकस नावाचं यीस्ट, नेहमीचं यीस्ट जिला हात लावत नाही ती डेक्स्ट्रिन नावाची लांब साखळीची साखरसुद्धा तोडून खातं आणि आठवडेच्या आठवडे वायू सोडत राहतं. असा केग थंडच ठेवावा, लवकर संपवावा आणि नंतर रबरी कड्यांसकट खोलून धुवावा. त्याच घाण्यातली बिअर काचेच्या बाटल्यांत भरली असेल, तर आधी त्या बाटल्यांकडे धावा: जाड हातमोजे आणि चष्मा घाला, टॉवेलात गुंडाळून त्या फ्रिजमध्ये ठेवा आणि पुरत्या गार झाल्यावरच एकेक उघडा. केगला सुरक्षा-झडप असते, काचेला नसते.