साष्टीचं रान आणि व्हिक्टर झाकमाँ

१ डिसेंबर १८३२ रोजी मुंबईत एका व्यापाऱ्याच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या फ्रेंच तरुणाने पॅरिसमधल्या भावाला शेवटचं पत्र लिहिलं. आपण वाचत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. दुखणं साष्टीच्या रोगट जंगलात जडलं, असं त्याचं म्हणणं. थडग्यावर काय कोरायचं तेही त्याने ठरवलं होतं: नाव, जन्म, मृत्यू आणि साडेतीन वर्षं हिंदुस्थानात प्रवास केला, एवढंच. ७ डिसेंबरला तो गेला. वय ३१.

हा व्हिक्टर झाकमाँ. साष्टी म्हणजे आजची मुंबईची उपनगरं आणि ठाणे. तेव्हा तिथे दाट रान होतं, आणि कुजक्या पाल्यापाचोळ्यातून उठणाऱ्या दूषित हवेने माणूस आजारी पडतो, असं भलेभले डॉक्टरही मानत. त्यामुळे त्याने रानाला दोष दिला यात नवल नाही. पण तो गेला यकृतातल्या गळवाने, आणि आजच्या डॉक्टरला असा रोगी दाखवला तर पहिला संशय अमीबावर जाईल. हा जीव कोषाच्या रूपात पाण्यातून किंवा अन्नातून पोटात शिरतो, आतड्याची भिंत पोखरतो आणि आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तासोबत वर चढतो. तिथे तो पेशी विरघळवत बसतो. कधी कधी आव पडून गेल्यावर कित्येक महिन्यांनी गळू होतं, तर कधी आव पडल्याचं रोग्याला आठवतही नाही. म्हणजे झाकमाँला हे दुखणं साष्टीत आलं की त्याआधीच्या शेकडो मुक्कामांपैकी एखाद्या ठिकाणच्या पाण्यातून, कोण सांगणार? हा अमीबा पहिल्यांदा ओळखला गेला १८७५ साली, रशियात. आज मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांनी बहुतेक रोगी बरे होतात.

खरं तर तो रसायनशास्त्राचा विद्यार्थी. पॅरिसच्या प्रयोगशाळेत विषारी वायू छातीत गेला, हवापालटासाठी गावाकडे राहावं लागलं आणि तिथे झाडापाल्याचा नाद जडला. पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने त्याला नमुने गोळा करायला हिंदुस्थानात पाठवलं, ते वर्षाला ६,००० फ्रँकवर. कलकत्त्यातल्या साहेबी थाटापुढे ही रक्कम अगदीच किरकोळ होती. १८२९च्या मे महिन्यात तो तिथे उतरला, मग दिल्ली, सिमल्यापलीकडचं किन्नौर, लाहोर, काश्मीर. लाहोरात रणजितसिंहांनी त्याला इंग्रजांपासून बोनापार्टपर्यंत आणि स्वर्ग, नरक, देव, सैतान यांच्यापर्यंत प्रश्न विचारून भंडावून सोडलं. १८३२चा पावसाळा त्याने पुण्यात काढला.

त्याची पत्रं खुसखुशीत आहेत आणि नाव झालं ते त्यांच्यामुळेच. पण मला जास्त कौतुक वाटतं ते त्याच्या कागदांत दाबलेल्या झाडांचं. फांदी कागदाच्या थरांत ठेवायची, वर वजन द्यायचं, ओल शोषलेला कागद बदलत राहायचं. एक दिवस कंटाळा केला की बुरशी आलीच. असं तंबूतंबूतून, महिनोन्महिने. हे नमुने पॅरिसला पोहोचले आणि त्यातल्या नव्या जातींना नावं दिली ती तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी. झाकमाँ तोवर हयात नव्हता.

त्यातलं एक झाड आपल्या ओळखीचं आहे: भूर्ज. ज्याच्या सालीवर, म्हणजे भूर्जपत्रावर, काश्मिरात शतकानुशतकं पोथ्या लिहिल्या गेल्या, तोच. पश्चिम हिमालयातल्या त्याच्या पांढऱ्याशुभ्र खोडाच्या प्रकाराला झाकमाँवरूनच शास्त्रीय नाव मिळालं ‘बेट्युला जॅकमॉन्टाय’. हल्ली त्याला वेगळी जात न मानता हिमालयी भूर्जाचाच एक प्रकार मानतात, पण नाव टिकलं. त्या सालीत बेट्युलिन नावाचं पांढरं द्रव्य असतं, पांढरेपणा त्याचाच. बागेतली निळ्या फुलांची जॅकमॉन्शिया वेलही त्याच्याच नावाची.

त्याला मुंबईत सोनापूरच्या दफनभूमीत पुरलं होतं. १८८१ साली त्याच्या अस्थी उकरून फ्रान्सला नेल्या. आता त्या पॅरिसच्या त्याच संग्रहालयात आहेत, जिथे त्याने वाळवून पाठवलेल्या फांद्या जाऊन पडल्या होत्या.