डुक्कर भुलीतून उठलं का?

मावशीचं पित्ताशय काढायचं ठरलंय, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दुर्बिणीने. तेव्हापासून फोंड्याच्या घरात जो तो मोबाइलवर डॉक्टर झालाय. परवा मावसभावाने कुठलासा शोधनिबंध वाचून ओरडून सांगितलं, "आई, ह्या नव्या पद्धतीत सगळी डुकरं मेली गो!" मावशीचं खोबरं खवणं थांबलं.

मेली नव्हती, भुलीतून उठवलीच नव्हती. निबंधात 'नॉन-सर्व्हायव्हल' लिहिलेलं, आणि गफलत तिथेच होते. हा शब्द निकाल सांगत नाही, प्रयोगाची आखणी सांगतो. याच प्रकाराला 'अक्यूट' प्रयोगही म्हणतात. डुकराला पूर्ण भूल देतात, शस्त्रक्रिया करतात आणि शुद्धीवर येण्याआधीच वेदनेविना मारतात. प्रश्न साधे असतात: दुर्बीण हव्या त्या जागी पोचते का? रक्तस्राव आवरता येतो का?

'सर्व्हायव्हल' प्रयोगात डुक्कर उठतं, खातं, फिरतं. खरी परीक्षा ही. तोंडावाटे दुर्बीण घालून जठराला आतून भोक पाडलं, काम झाल्यावर क्लिपा लावून ते मिटवलं. टेबलावर सगळं झकास दिसतं. पण दोन दिवसांनी पोटात अन्न गेल्यावर? ते भोक गळलं, पोटात पू झाला, आतडी चिकटली, हे दिसायला दिवस जावे लागतात. 2004 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने जठरातून पोटात शिरण्याची ही वाट डुकरांवर मांडली, तेव्हा दोन्ही प्रकारचे प्रयोग केले होते. अन्ननलिकेचा घट्ट झालेला स्नायू आतूनच कापण्याचा डुकरांवरचा प्रयोग 2007 मध्ये छापून आला. 2008 मध्ये जपानात डॉक्टर इनोउए यांनी ती शस्त्रक्रिया माणसावर केली.

तरी डुक्कर म्हणजे माणूस नव्हे. त्याचं मोठं आतडं गुंडाळीसारखं असतं आणि अपेंडिक्स तर त्याला नसतंच. 'डुकराचं अपेंडिक्स काढलं' असं कुणी फॉरवर्ड केलं तर खुशाल डिलीट करा.

मावशीच्या शस्त्रक्रियेचा याच्याशी संबंध नाही. पोटाला बारीक छेद देऊन दुर्बिणीने पित्ताशय माणसात पहिल्यांदा काढलं ते 1985 मध्ये, जर्मनीत. हे सांगितल्यावर ती निवळली. मग विचारलं, "आणि ती उठलेली डुकरं? त्यांचं पुढे काय?"

ठरलेल्या मुदतीनंतर बहुतेक वेळा त्यांनाही मारतात, कारण जखम कशी भरली ते पोट उघडूनच पाहायचं असतं.