फ्रेंच राजफर्निचरचा पूर्वेतिहास

सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रेंच राजवाड्यांसाठी घडवलेले टेबल, खुर्ची किंवा कपाट कोणत्या कारागिराने केले, ते कोणत्या वाड्यातल्या कोणत्या दालनात होते आणि तिथून आजच्या मालकापर्यंत कोणाकोणाच्या हातून आले, याचा पुराव्यानिशी लावलेला माग म्हणजे त्या वस्तूचा पूर्वेतिहास. जुन्या वस्तूंच्या बाजारात याला ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. वस्तूची किंमत यावर ठरते हे खरेच; पण हा माग नसेल तर ती वस्तू कशाची साक्षीदार आहे हेच आपल्याला कळत नाही, आणि तो तोटा किमतीपेक्षा मोठा आहे.

हा माग लागू शकतो तो एका दप्तरामुळे. मराठी राज्यकारभारात फरासखाना वाड्यांतल्या सामानसुमानाचे जे काम पाही, ते फ्रान्समध्ये ‘गार्द-मब्ल’ हे राजाचे खाते पाहत असे. चौदाव्या लुईच्या काळात, १६६३ मध्ये, मंत्री कोल्बेर याने त्याची नीट घडी बसवली. राजवाड्यासाठी आलेली वस्तू खात्याच्या रोजकीर्दीत चढे. त्या नोंदीत तारीख, कारागिराचे नाव, लाकूड, पितळी काम, वरच्या संगमरवराचा प्रकार, लांबी-रुंदी-उंची आणि ज्या दालनात वस्तू जायची त्याचे नाव येई. प्रत्येक नोंदीला क्रमांक असे आणि तोच वस्तूच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला रंगाने लिहीत. या वह्या आज पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मापे जुन्या फ्रेंच फुटांत (सुमारे ३२.५ सेंमी.) आहेत. ती सेंटिमीटरमध्ये मांडून समोरच्या कपाटाशी पडताळायची, हे अभ्यासकाचे पहिले काम. माप जुळले नाही तर पाय कापलेत का, संगमरवर बदललाय का, असे प्रश्न उभे राहतात.

म्हणून जाणकार माणूस कपाटाचे सोनेरी तोंड नंतर बघतो. आधी ते भिंतीपासून ओढून त्याची पाठ बघतो. रंध्याचा हात नीट न फिरलेल्या त्या खरबरीत फळीवर काळ्या रंगातला क्रमांक असतो. जवळपास डाग दिलेली वाड्याची खूणही सापडते. मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेले, इंग्रजी डब्ल्यूसारखे दिसणारे दोन ‘व्ही’ म्हणजे पॅरिसजवळचा व्हर्सायचा राजवाडा. सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्या स्वतंत्र भांडाराचा शिक्का वेगळा, गोल. कारागिराचे नाव बहुधा संगमरवराखाली लाकडात ठोकलेले मिळते. पॅरिसच्या कारागीर-संघाने अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा ठसा सक्तीचा केला होता. राजाश्रयाखाली काम करणाऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. तेव्हा ठसा नाही म्हणून वस्तू खोटी, असे म्हणता येत नाही.

राज्यक्रांतीने ही साखळी तोडली. व्हर्सायमधल्या सामानाचा लिलाव २५ ऑगस्ट १७९३ ला सुरू झाला, तो ११ ऑगस्ट १७९४ पर्यंत चालला. एकूण १७,१८२ गट विकले गेले. माल जकात न भरता परदेशी नेण्याची मुभाही होती. राजचिन्हे खरवडली गेली. पंधराव्या लुईचे सरकत्या गोल झाकणाचे प्रसिद्ध लेखन-टेबल विकले गेले नाही, पण त्यालाही खाणाखुणा बदलाव्या लागल्या. १७६० मध्ये एबेन या कारागिराने ते हाती घेतले. १७६३ मध्ये तो वारला. त्याच्याच कारखान्यातल्या रीझनरने ते १७६९ मध्ये पुरे केले आणि त्यावर आपली सही केली. क्रांतीनंतर त्यावरच्या राजाच्या प्रतिमेच्या जागी मिनर्व्हा देवीचे मस्तक आले. पुढे ते पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात होते. व्हर्सायला, आपल्या मूळ दालनात, ते १९५७ मध्ये परतले.

सगळ्यांच्या नशिबी असे परतणे नव्हते. रीझनरने १७८३ मध्ये मारी आंत्वानेतसाठी जपानी लाखकामाच्या काळ्या-सोनेरी फळ्या बसवून खणांचे एक बुटके कपाट आणि लिहिण्याची फळी असलेले एक उभे कपाट केले. पितळी फुलांच्या माळांत राणीची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. ही जोडी व्हर्सायहून सँ-क्लूच्या राजवाड्यात गेली आणि क्रांतीनंतर फ्रान्सबाहेर पडली. पुढे ती स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टन पॅलेसमध्ये होती. १८८२ च्या लिलावात प्रत्येकी ९,४५० पौंडांना विकली जाऊन ती अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट घराण्याकडे आली, आणि १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. सँ-क्लू १८७० च्या युद्धात जळाले, हॅमिल्टन पॅलेस विसाव्या शतकात पाडला गेला. दोन्ही वाडे गेले, कपाटे राहिली.

विखुरलेल्या वस्तू आणि वह्यांतल्या नोंदी यांची गाठ पद्धतशीरपणे घालण्याचे मोठे श्रेय फ्रेंच इतिहासकार पिएर व्हेर्ले (१९०८–१९८७) यांना जाते. जगभरच्या संग्रहांतल्या वस्तूंवरचे क्रमांक वाचून त्यांनी ते कीर्दीशी जुळवले, आणि नुसते ‘सुंदर फ्रेंच कपाट’ म्हणून ठेवलेल्या कितीतरी वस्तूंना त्यांचे दालन परत मिळाले. इतक्या चिकाटीच्या कामापुढे मान लवते.

हीच विद्या उलटी वापरणारेही निघाले. वहीत बारा खुर्च्या असतील आणि दहाच सापडल्या असतील, तर उरलेल्या दोन ‘सापडण्याची’ वाट सगळे पाहत असतात. लबाडाला नेमकी तीच फट पुरते. व्हर्सायसह काही ग्राहकांना अठराव्या शतकातल्या म्हणून विकलेल्या खुर्च्या नकली असल्याचे प्रकरण २०१६ मध्ये उघड झाले. याच विषयातला एक नामवंत तज्ज्ञ आणि एक कसबी लाकूड-कारागीर २०२५ मध्ये त्यात दोषी ठरले. स्वस्तात घेतलेले जुने सांगाडे, त्यांवर नवे कोरीवकाम आणि मुलामा, वर ठसे, अशी त्यांची रीत होती. कागदावर सगळे जुळत होते. पॅरिसच्या एका व्यापाऱ्याला मात्र या कारागिराची सवय ठाऊक होती: नवे लाकूड जुनाट दिसावे म्हणून तो त्यावर ज्येष्ठमधाचा अर्क चढवी. संशय आला तेव्हा त्या व्यापाऱ्याने खुर्चीचे लाकूड चाटून पाहिले, आणि जिभेला ज्येष्ठमधाची चव लागली.